मुंग्यांचं वाळवण

जूनमधला पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दोन-तीन दिवसांनी एखादी सकाळ लख्ख उन्हाची उगवते. अशा सकाळी तुम्ही चऱ्होलीत असाल आणि तुमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे अजून थोडा माळ शिल्लक असेल, तर दहा मिनिटं मान खाली घालून चाला. मुरमाड जागेत, विरळ गवताच्या मधे, जेमतेम पेन्सिल जाईल एवढं गोल भोक दिसेल. त्याच्या तोंडाशी बारीक बियांचा ढीग असेल, मुठीत मावेल एवढाच. आणि भोकातून एकामागून एक मुंग्या वर येताना दिसतील, प्रत्येकीच्या तोंडात एक बी.

इथे जरा थांबा. मुंग्या दाणे आत नेताना आपण नेहमीच बघतो. या मात्र दाणे बाहेर आणताहेत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एमएस्सी झाली होती, पीएचडीला नाव नोंदवून काही महिने झाले होते, आणि आपल्याला मुंग्यांबद्दल बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. बिळात पाणी शिरलं म्हणून मुंग्या घर सोडून चालल्यात, असं मला वाटलं. फोटो काढले, वहीत ‘स्थलांतर?’ असं लिहिलं आणि घरी येऊन आजीला मोबाईलवर फोटो दाखवला. आजीने चष्मा पुसून तो नीट बघितला आणि म्हणाली, “अगं, घर कुठं सोडतायत? बी वाळत घातलंय त्यांनी. पावसानं दाणा दमट झाला की आपण नाही का काढून उन्हात घालत?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेले. ढीग जवळपास संपला होता आणि मुंग्या उरलेलं बी आत नेत होत्या. वहीतलं ‘स्थलांतर?’ खोडलं आणि शेजारी ‘वाळवण’ असं लिहिलं.

माझ्या आजीला एका नजरेत जे कळलं, ते युरोपातल्या कीटकशास्त्राच्या गळी उतरायला सव्वाशे वर्षं लागली. त्या सव्वाशे वर्षांमधला एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात, चऱ्होलीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर घडला. आजची गोष्ट त्याची आहे.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

मुंगी धान्य साठवते, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. बायबलमधल्या नीतिसूत्रांत राजा सोलोमन आळशी माणसाला मुंगीकडून शिकायला सांगतो: ती उन्हाळ्यात आपलं अन्न गोळा करून ठेवते. इसापाची मुंगी आणि टोळाची गोष्ट तर आपण शाळेतच वाचलेली असते. पण जुन्या ग्रीक गोष्टीची सुरुवात आपल्या पुस्तकांतून बहुतेक वेळा गळून गेलेली असते. मूळ गोष्टीत हिवाळ्याचे दिवस आहेत, मुंग्यांचं धान्य भिजलंय, त्या ते वाळवत बसल्यात, आणि अशा वेळी भुकेला किडा त्यांच्याकडे मागायला येतो. म्हणजे आजीने मोबाईलवर जे ओळखलं, ते इसापाच्या पहिल्याच वाक्यात आहे.

याहून पक्का पुरावा ज्यूंच्या धर्मशास्त्रात सापडतो. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात एक प्रश्न चर्चेला घेतलाय: शेतातल्या मुंग्यांच्या बिळात धान्य सापडलं तर ते कोणाचं? उभ्या पिकातल्या बिळात सापडलं तर शेताच्या मालकाचं. कापणीनंतर सापडलं तर वरच्या थरातलं गरिबांचं आणि खालच्या थरातलं मालकाचं. विचार करा, दोन-चार दाण्यांसाठी कोणी नियम करत नाही. बिळात भांडण व्हावं एवढं धान्य निघत असणार, म्हणूनच नियम करावा लागला.

आता ही सगळी माणसं कुठली, ते पाहा. पॅलेस्टाईन, ग्रीस, भूमध्य समुद्राच्या आजूबाजूचा कोरडा मुलूख. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग शंका कुठून आली?

शंका आली ती उत्तरेकडून, आणि ती खोडसाळ नव्हती. १७४७ साली विल्यम गोल्ड या इंग्लिश पाद्र्याने इंग्लंडमधल्या मुंग्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याने ऐकीव गोष्टी बाजूला ठेवल्या आणि मुंग्यांची घरं उकरून पाहिली. त्याला धान्याची कोठारं कुठेच सापडली नाहीत. पुढे १८१० साली जिनिव्हाच्या पिएर ह्यूबरचं मुंग्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्याने मुंग्या मावा पाळतात, त्यांच्या अंगातून येणारा गोड रस पितात, हे बारकाईने दाखवलं. धान्य साठवण्याची गोष्ट मात्र त्यालाही पटली नाही.

मग जुन्या लोकांनी पाहिलं तरी काय होतं? यावर एक छान उत्तर तयार झालं. मुंगीच्या घरात पांढरट, लांबट, गव्हाच्या दाण्यासारखे दिसणारे कोष असतात. घर उसकटलं की मुंग्या ते तोंडात धरून पळतात, ऊब मिळावी म्हणून कधी कधी वरच्या थरात आणून ठेवतात. सोलोमनने, इसापाने, रोमन लेखकांनी हे कोष पाहिले आणि त्यांना दाणे समजले, असं हे उत्तर सांगतं.

उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की मीही ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान डोलावली होती. विल्यम कर्बी आणि विल्यम स्पेन्स यांच्या ‘इंट्रोडक्शन टु एंटोमॉलॉजी’ या चार खंडांच्या ग्रंथाने (१८१५ ते १८२६) ते घरोघरी पोहोचवलं. या दोघांशी न्यायाने वागायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. परदेशातल्या मुंग्यांचा नीट अभ्यास होईपर्यंत कोणतीच मुंगी साठा करत नाही असं ठामपणे म्हणणं घाईचं ठरेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पण पुस्त्या कोण वाचतं? लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच: जुने लोक फसले होते.

१८२९, पुणे

विल्यम हेन्री साइक्स (१७९० ते १८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या विरुद्ध लढाई झाली, तेव्हा तो कंपनीच्या बाजूने लढला. त्यामुळे त्याच्याबद्दल फार प्रेम वाटावं असं नाही. पण पेशवाई गेल्यावर १८२४ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमलं आणि त्याचं आयुष्यच बदललं. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करायची: जमिनी, पिकं, औजारं, मजुरी, पाऊस, लोकसंख्या. साइक्सला मराठी येत होतं. तो गावोगाव हिंडला आणि सरकारने सांगितलं होतं त्याहून बरंच जास्त मोजून आला. पक्षी, प्राणी, मासे, हवेचा दाब आणि मुंग्याही.

जून १८२९. पुण्यात पावसाळा नुकताच लागला होता. सकाळच्या फेरफटक्यात साइक्सला परेड ग्राउंडजवळच्या न कसलेल्या जमिनीवर गवताच्या बियांचे वीसेक छोटे ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभर. जवळ जाऊन पाहिलं तर शेकडो मुंग्या खालून एकेक बी वर आणत होत्या. बिळाची भोकं उभी, नळीसारखी. चढताना अशक्त मुंग्या ओझ्यासकट तळाला घसरायच्या, पण बी सोडायच्या नाहीत, पुन्हा चढायला लागायच्या.

त्याने लावलेला अर्थ असा: गवताचं बी जानेवारी-फेब्रुवारीत पिकतं, तेव्हा हा साठा झाला असणार. पावसाने तो भिजला असणार. आणि पहिलं ऊन पडताच मुंग्यांनी तो वाळवायला बाहेर काढला असणार. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, परतीच्या पावसाची वादळं संपल्यावर, त्याला पुन्हा तेच दृश्य अनेक ठिकाणी दिसलं.

१८३५ साली लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने भारतातल्या नव्या मुंग्यांवरचा निबंध छापला. या मुंगीला त्याने नाव दिलं ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’. लॅटिनमध्ये प्रोव्हिडेन्स म्हणजे पुढचा विचार करणारी. पुढे वर्गीकरण बदललं आणि आज ती ‘फायडोली प्रोव्हिडेन्स’ म्हणून ओळखली जाते. जगभरच्या मुंगीशास्त्रज्ञांच्या यादीत ही मुंगी ‘पुण्याची’ म्हणून नोंदलेली आहे.

याच निबंधात झाडावर राहणारी दुसरी एक मुंगी आहे. ती शेणाचे पातळ पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचून फांदीवर घर बांधते. तिचं नाव साइक्सने ठेवलं ‘किर्बीआय’, म्हणजे कोषांचा खुलासा घरोघरी पोहोचवणाऱ्या त्याच कर्बीच्या मानार्थ. कर्बीला एक मुंगी भेट दिली आणि त्याच कागदावर दुसऱ्या मुंगीने त्याची शंका फेडली, असं म्हणायला हरकत नाही.

आजीची नजर आणि साइक्सची नोंद

आता तुम्ही विचाराल, आजीनेही तेच ओळखलं आणि साइक्सनेही तेच. मग एक शास्त्र आणि दुसरं घरगुती बोलणं, असं का? मला हा प्रश्न खरंच पडला होता, आणि त्याचं उत्तर साइक्सच्या नोंदीतच मिळालं.

पहिली गोष्ट, त्याला वाद माहीत होता. आपण जे पाहतोय ते युरोपातल्या अभ्यासकांच्या मताविरुद्ध जातं, हे त्याने स्वतःच लिहिलंय. दुसरी, म्हणून त्याने नेमकी तीच चूक टाळली जिचा आरोप त्याच्यावर होणार होता. ढिगातली वस्तू हातात घेऊन, हे कोष नाहीत, ‘पॅनिकम’ गवताचं बी आहे, याची खात्री केली. पॅनिकम म्हणजे आपण उपासाला खातो त्या वरईच्या जवळचं गवत. तिसरी, एकदा पाहून तो थांबला नाही. चार महिन्यांनी, वेगळ्या ऋतूत, वेगळ्या जागांवर तेच पुन्हा पाहिलं आणि तारखेसकट लिहिलं. चौथी, बी भिजलं ‘असणार’, साठा झाला ‘असणार’ हे त्याने अंदाज म्हणूनच लिहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्याने जोडलेलं यांची सरमिसळ केली नाही.

रिसर्च म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी आता या चार गोष्टी सांगते. त्यात यंत्र कुठेच नाही. पण समोरचा काय आक्षेप घेईल याचा आधी विचार करून पाहणं आहे. आजीला तसा विचार करायची गरजच नव्हती, कारण तिच्याशी वाद घालायला कोणी आलंच नव्हतं.

तरी वाद मिटला नाही

साइक्सने बिळं उकरून कोठार दाखवलं नव्हतं, आणि त्याची मुंगी होती दूर हिंदुस्थानातली. त्यामुळे पटवून घ्यायचं नसलेल्यांना वाव उरला. १८५१ साली मद्रासमध्ये टी. सी. जर्डन या डॉक्टरने दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली. तीत बी साठवणाऱ्या मुंग्यांबद्दल आणखी नोंदी होत्या. वाफ्यात पेरलेलं बी या मुंग्या कशा उचलून नेतात, हेही त्याने लिहिलं. ज्यांनी कधी कोथिंबिरीचं किंवा नाचणीचं बी टाकून रोप यायची वाट पाहिलीय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

शेवटचा घाव घातला तो जॉन ट्राहर्न मॉग्रिजने. हा तरुण इंग्रज क्षयाने आजारी होता आणि हिवाळा काढायला दक्षिण फ्रान्समधल्या मेंतोनला जायचा. तिथल्या टेकड्यांवर त्याने मुंग्यांची बिळं उकरली आणि बियांनी भरलेली कोठारं बाहेर काढून दाखवली, मोजली, त्यातल्या बिया ओळखल्या. त्याचं पुस्तक १८७३ साली आलं. त्यात साइक्स आणि जर्डन यांच्या नोंदींची दखल आहे. पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो वारला.

मॉग्रिजने दाखवलं की कोणीच खोटं बोलत नव्हतं. गोल्डला इंग्लंडमध्ये कोठारं सापडली नाहीत, कारण तिथल्या मुंग्या कोठारं करतच नाहीत. त्या किडे आणि गोड रस यांवर जगतात आणि थंडीत निपचित पडून राहतात. सोलोमनच्या मुंग्या साठा करत होत्या, कारण कोरड्या मुलखात वर्षातला बराच काळ खायला काही मिळत नाही. चूक एवढीच झाली की इंग्लंडच्या आणि जिनिव्हाच्या मुंग्यांना सगळ्या जगाच्या मुंग्या मानलं गेलं.

आणि पुणे? आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मग गवत पिकतं, बी झडतं, आणि त्यानंतर जूनपर्यंत माळ नुसता वाळलेला. हवामानाच्या दृष्टीने आपला माळ इंग्लंडच्या कुरणापेक्षा इसापाच्या मुलखाला जास्त जवळचा आहे.

बिळाच्या आत

आता थोडं जीवशास्त्र. फायडोली मुंग्यांच्या घरात दोन आकारांच्या कामकरी असतात. बहुतेक लहान, दोन-तीन मिलिमीटरच्या. थोड्या मात्र मोठ्या डोक्याच्या. डोकं इतकं मोठं की बाकीचं शरीर त्याला जोडल्यासारखं वाटतं. त्या डोक्यात मेंदू कमी आणि जबड्याचे स्नायूच जास्त असतात. बी खाणाऱ्या जातींमध्ये कडक बी फोडायचं काम या करतात. घरातला अडकित्ता म्हणा ना.

मोठ्या झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तिची कंबर इतकी बारीक की आत फक्त पातळ पदार्थ जातो. मग बी खायचं कसं? बी साठवणाऱ्या मुंग्यांपैकी सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या मेस्सर मुंग्यांमध्ये कामकरी आधी टरफल काढतात, मग दाणा चावून चावून लाळेत मळतात. लाळेने पिठातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. या मळलेल्या गोळ्याला अभ्यासक ‘मुंग्यांची भाकरी’ म्हणतात. अळ्यांना ती भरवली जाते आणि मोठ्याही तिच्यातला रस शोषतात.

सोललेली टरफलं बिळाबाहेर नेऊन टाकली जातात. त्यामुळे जुन्या घराच्या तोंडाशी फोलपटांची फिकट चंद्रकोर दिसते. माळावर ट्रायकोमायर्मेक्स नावाच्या दुसऱ्या बी-खाऊ मुंग्यांची घरंही अशीच ओळखता येतात. या उकिरड्यावर चुकून चांगलं बीही जातं आणि पावसात तिथेच उगवतं. मॉग्रिजनेही हे पाहिलं होतं. म्हणजे मुंगी गवताचं बी खाते, आणि थोडं पेरतेही. माझा स्वतःचा अभ्यास साधारण याच हिशोबाचा आहे: माळावरच्या कोणत्या गवताचं बी आत जातं, आणि कोणतं उकिरड्यावर येऊन पुन्हा रुजतं.

राहिला एक जुना कूटप्रश्न. जमिनीखाली, ओलाव्यात ठेवलेलं बी रुजत कसं नाही? मुंग्या बीचा कोंब कुरतडतात, असं प्लुटार्कसारख्या प्राचीन लेखकांनी लिहिलं होतं, आणि तेही भाकडकथांमध्ये जमा झालं होतं. मॉग्रिजने पाहिलं की साठ्यातलं बी जिवंत असतं, मुंग्यांपासून दूर केलं की रुजतं. आणि एखादं बी रुजायला लागलंच तर मुंग्या त्याचा मुळाचा कोंब चावून टाकतात, ते उन्हात आणतात, वाळवतात आणि परत आत नेतात. म्हणजे पावसानंतरचं ते वाळवण मुंग्यांना नाइलाजाने करावं लागतं. उशीर झाला तर कोठाराचं शेत होईल, नाहीतर बुरशी लागेल.

मासा खुद्री, मुंगी प्रोव्हिडेन्स

साइक्सचं आणखी एक काम माझ्या मनात घर करून राहिलंय. दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची त्याने शास्त्रीय वर्णनं लिहिली, आणि त्यातल्या अनेकांना इथलीच नावं दिली. मुळा-मुठेतल्या महसीरचं नाव आजही जगभर ‘टॉर खुद्री’ आहे. दगडाला चिकटून राहणारा छोटा मळ्या मासा शास्त्रातही ‘गार्रा मुल्या’ आहे. लंडनमध्ये बसून ही नावं सुचणार नाहीत. नदीकाठी मासे धरणाऱ्या कोणीतरी ती सांगितली, आणि त्या माणसाचा शब्द विज्ञानात कायमचा राहिला.

मुंगीच्या बाबतीत असं झालं नाही. जूनच्या त्या नोंदीत साक्षीदार एकच आहे, साइक्स स्वतः. परेड ग्राउंडजवळ गुरं चारणाऱ्या, गवत कापून विकणाऱ्या बायका-माणसांना त्याने काही विचारलं असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा अंदाज मला माझ्या आजीवरून करता येतो. यासाठी मी साइक्सला दोष देत नाही. मासा बाजारात विकला जातो, म्हणून त्याला नाव असतं. मुंगी आपल्यासाठी लाल नाहीतर काळी, फार तर मुंगळा किंवा डोंगळा. दारात आली तर आजी पिठाची चिमूट टाकते, पण तिला वेगळं नाव नाही. आळंदीच्या मुक्ताबाईंच्या अभंगातल्या मुंगीलाही नाव नाहीच. नाव नसलं की नोंद राहत नाही. मी आजीचं वाक्य माझ्या वहीत तारखेसकट उतरवून ठेवलंय ते याच कारणाने.

न कसलेली जमीन

साइक्सने आपल्या ढिगांची जागा सांगताना ‘न कसलेली जमीन’ असं लिहिलंय. सरकारी कागदात अशा जमिनीचं पुढे ‘पडीक’ झालं. २००० साली देशाचा पहिला ‘वेस्टलँड ॲटलस’ निघाला, त्यात झुडपी माळ आणि चराऊ कुरणं यांचे कितीतरी प्रकार याच सदरात आहेत. पडीक म्हणजे जिथे काही नाही. आणि जिथे काही नाही तिथे काहीही करता येतं.

१९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. आजी सांगते, तेव्हा वाघेश्वराच्या टेकडीवरून बघितलं की इंद्रायणीपर्यंत शेतं आणि मधे मधे माळ दिसायचा. आता टॉवर दिसतात, क्रेन दिसतात. मी त्याच टॉवरपैकी एकात राहते, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तरी एक प्रसंग सांगते. अभ्यासासाठी मी एका माळावर मुंग्यांच्या घरांशेजारी बांबूच्या काड्या रोवून, रंगीत फीत बांधून खुणा केल्या होत्या. परवानगी होती. जूनचं वाळवण पाहून झालं होतं, आता साइक्ससारखं ऑक्टोबरचं पाहायचं होतं. ऑक्टोबरात गेले तेव्हा जेसीबीने माळ सपाट केलेला, वर मुरूम पसरलेला, एका कोपऱ्यात माझी एक काडी. तिथल्या मुकादमाने ती मला परत दिली आणि म्हणाला, “ताई, इथं तर काहीच नव्हतं.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने खरंच काही नव्हतं. गोल्डलाही इंग्लंडमध्ये काही दिसलं नव्हतं. फरक एवढाच, की गोल्डने उकरून पाहिलं होतं.

मी दुसरा माळ शोधला, थोडा लांब. काम चाललंय. पण पहिल्या जागेची नोंद अर्धीच राहिली, जूनचीच. कुठल्या बिया उकिरड्यावर पडून तिथे पुन्हा उगवल्या असत्या, हे आता कधीच मोजता येणार नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या जूनमध्ये पावसानंतरच्या पहिल्या उन्हाच्या सकाळी, आणि परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरात पुन्हा एकदा, घराजवळच्या मोकळ्या जागेत चक्कर मारा. चऱ्होली, दिघी, मोशी, चाकण, कुठेही. बियांचा ढीग दिसला तर आधी एक बी हातात घेऊन ते बीच आहे ना, कोष नाही ना, हे बघा. एखादं नाणं शेजारी ठेवून फोटो काढा. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. बीळ उकरू नका, साठा मुंग्यांचा आहे. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर फोटो आधी त्यांना दाखवा, ते काय म्हणतात तेही लिहून घ्या. साइक्सने वीसेक ढीग पाहिले होते. तुम्हाला एकच दिसला तरी पुरे.